भिंतीतल्या मुंग्या: बोर्डातून, चौकटीतून पुन्हा पुन्हा निघत असतील तर

"वायरमन भाऊ, बोर्डातून मुंग्या यायल्यात. बटण दाबलं की चर्रर्र वाजायलंय."

जूनचा पहिला दणका पाऊस झाला की परभणी, सेलू, मानवत भागातून मला असे फोन सुरू होतात ते थेट पोळ्यापर्यंत. मी वायरमन आहे, औषध फवारणारा नाही. पण बोर्ड साफ करून दिला की पंधरा दिवसांत त्याच घरातून परत बोलावणं यायचं. बटणाचे पैसे परत मागायला लोक लाजत नाहीत. शेवटी मुंग्यांच्या मागे लागण्यावाचून इलाज उरला नाही. गेली बरीच वर्षं हेच दुखणं दुसऱ्यांच्या घरात आणि आधी स्वतःच्या घरात हाताळलं आहे. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो.

लक्षणं

बाहेरून रांगेने आत येणाऱ्या मुंग्या वेगळ्या आणि भिंतीतच घर केलेल्या वेगळ्या. भिंतीतल्यांची खूण अशी:

सकाळी झाडलेल्या फरशीवर बोर्डाच्या, स्कर्टिंगच्या किंवा चौकटीच्या बरोबर खाली भुकटीची छोटी ढिगुली दिसते. बारीक माती, वाळूचे कण, कधी प्लास्टरचा चुरा. झाडून टाकली तर दुसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा तयार.

रांग दाराखालून किंवा खिडकीतून येत नाही. घरातल्याच भिंतीच्या एका फटीतून निघते, ओट्याकडे जाते आणि त्याच फटीत परत शिरते.

पहिल्या-दुसऱ्या पावसानंतर संध्याकाळी भिंतीतून पंखवाल्या मुंग्या भसाभसा बाहेर पडतात. हे दिसलं की शंका ठेवू नका. पंखवाल्या मुंग्या भरलेल्या वसाहतीतूनच निघतात, म्हणजे घर आतच आहे.

मुंग्या तोंडात पांढरे तांदळाच्या कणीसारखे गोळे धरून पळताना दिसतात. लोक त्याला अंडी म्हणतात, बहुतेक वेळा ते अळ्या नाहीतर कोश असतात. बिऱ्हाड हलवणं चाललेलं असतं.

बटण अर्धवट दाबलं जातं, दिवा लुकलुकतो, बेलचं बटण अडकून बसतं, सॉकेटमधून करपल्याचा वास येतो.

शेवटचं लक्षण असेल तर बाकीचं नंतर वाचा. आधी त्या खोलीचा एमसीबी खाली पाडा आणि तो बोर्ड वापरणं थांबवा. चालू बोर्डात मुंग्यांचा स्प्रे मारू नका. हे मी हात जोडून सांगतो. त्या डब्यातला दाबाचा गॅस पेट घेणारा असतो आणि आत ठिणगी पडतच असते.

फुकटची पहिली तपासणी: मुंगी आहे की वाळवी?

याला दोन मिनिटं लागतात, आणि इथे चूक झाली तर पुढचं सगळं वाया जातं. वाळवीला आमच्याकडे जुनी माणसं उधई म्हणतात. तिलाही पावसात पंख फुटतात आणि घाबरलेल्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात.

एक पंखवाला किडा वाटीखाली पकडा आणि उजेडात बघा. मुंगीची कंबर दोरा बांधल्यासारखी बारीक असते, वाळवी सरळ, सगळीकडून सारख्या जाडीची. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, वाळवीच्या मण्यांच्या माळेसारख्या सरळ. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, वाळवीचे चारही सारखे. भिंतीवर मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या किंवा चौकटीवर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला तर ती वाळवी. मग इथून पुढचं वाचून उपयोग नाही. वाळवीला जमिनीपासून भोकं पाडून औषध द्यावं लागतं आणि ते जाणकाराचंच काम आहे.

मुंगी लाकूड खात नाही. कुजलेल्या, ओल्या लाकडात पोकळी मिळाली तर राहते, एवढंच. त्यामुळे मुंग्यांनी चौकट खाल्ली असं कोणी म्हणालं की मी आधी चौकट ओली का झाली हे बघतो.

दुसरी फुकटची तपासणी: हिला काय आवडतं?

तीन झाकणं घ्या. एकात गुळाचं पाणी, दुसऱ्यात तेल घालून कालवलेलं शेंगदाण्याचं कूट, तिसऱ्यात नुसतं पाणी. संध्याकाळी रांगेजवळ, पण रांगेवर नाही, ठेवा. तासाभराने बघा.

हा खेळ वाटतो, पण आमिष, म्हणजे खाण्यात थोडं विष कालवून ठेवणं, चालणार की नाही ते इथेच ठरतं. वसाहतीत अळ्या जास्त असल्या की मुंग्या तेलकट आणि प्रथिनांचं उचलतात, एरवी गोडाला लागतात. त्याच भिंतीतल्या त्याच मुंग्या मार्चमध्ये गुळावर तुटून पडल्या आणि जुलैत गुळाकडे ढुंकूनही न बघता कुटावर गेल्या, हे मी पाहिलं आहे. लोक म्हणतात, औषध लागू पडत नाही. औषध ठीक असतं हो, जेवण चुकलेलं असतं. आणि भर मे महिन्यात सगळ्यात जास्त गर्दी नुसत्या पाण्याच्या झाकणावर झाली तर समजा, मुंग्या खाण्यासाठी नाही, ओलीसाठी भिंतीत शिरल्या आहेत. आपल्या भागात हे फार होतं.

मुंगी ओळखायची तर एवढं पुरे. अगदी बारीक, पिवळट, जेमतेम दोन मिलिमीटरची असेल तर ती फेरो मुंगी. तिचं पुढे सांगतो, ती सगळ्यात चिवट. डोकं काळं आणि बाकीचं अंग पांढुरकं-पाणीदार असेल तर तीही तसलीच, उबदार-ओल्या फटींत राहणारी. लांब पायांची काळी, वेड्यासारखी कशीही पळणारी असेल तर तिचं घर बहुतेक एका जागी टिकत नाही. लाल आणि कडकडून चावणारी असेल तर मुलांना लांब ठेवा. मोठा काळा मुंगळा शक्यतो बाहेर झाडाच्या बुडाशी राहतो, घरात फक्त फिरायला येतो.

रात्रीची फेरी

टॉर्च घ्या आणि रात्री नऊ-दहानंतर फिरा. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा मुंग्या बाहेर पडत नाहीत. दुपारी बघून भोक सापडलं नाही म्हणणारे बरेच भेटतात.

रांगेवर गुळाचा खडा ठेवा आणि कण घेऊन परत जाणाऱ्या मुंगीमागे जा. रिकाम्या हाताने जाणारी कुठेही भटकते, भरल्या तोंडाची सरळ घरी जाते. जिथे शिरेल तिथे पेन्सिलीने खूण करा, तारीख टाका. असे दोन-तीन दरवाजे सापडतील. ते बुजवू नका.

परत सांगतो, बुजवू नका. माझ्या घरी पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी हुशारी केली. भोकात भरपूर स्प्रे मारला, वर पांढरा सिमेंट थापला, रंगसुद्धा लावला. आठ दिवस शांतता. आईला म्हटलं, बघ. नवव्या दिवशी मुलीच्या अभ्यासाच्या बोर्डातून, देवघराच्या कोनाड्यातून आणि न्हाणीच्या चौकटीतून अशा तीन ठिकाणांहून एकदम मुंग्या निघाल्या. आई काही बोलली नाही. देवघरातला मुंग्या लागलेला प्रसाद तेवढा माझ्यासमोर आणून ठेवला.

तेव्हा काय झालं ते नंतर कळलं. आपल्याला दिसतात त्या फक्त चारा आणणाऱ्या मुंग्या. खरी वस्ती, राण्या, अळ्या सगळं आत. वरवरच्या औषधाने दिसणाऱ्या मेल्या, आतल्यांना धोक्याचा वास लागला. फेरो मुंगीसारख्या काही जातींत एका वसाहतीत अनेक राण्या असतात. धोका जाणवला की एकेक राणी थोड्या कामकरी आणि अळ्या घेऊन वेगळी होते आणि भिंतीत दुसरीकडे संसार मांडते. म्हणजे माझ्या स्प्रेने एका घराची तीन घरं केली होती. हा भाऊबंदकीचा वाटा मीच पाडून दिला.

खर्च न करता रसद तोडा

ओटा, डबे, खरकटं हे प्रत्येक घरात माहीत असतं, त्यावर शब्द घालवत नाही. रांग साबणाच्या पाण्याने पुसा. मुंगी वासाच्या वाटेने चालते, साबणाने ती वाट धुऊन जाते. हळद, कापूर, खडूची रेघ याने मुंगी वाट बदलते, मरत नाही. आमिष लावायचं असेल तर त्या दिवसांत हे करूच नका, कारण आपल्याला ती आमिषापर्यंत यायला हवी आहे.

लोकांच्या लक्षात न येणाऱ्या तीन गोष्टी मात्र सांगतो.

पहिली, कूलर. मराठवाड्यात मार्चपासून जूनपर्यंत खिडकीत कूलर बसलेला असतो. त्याच्या टाकीतून, जाळीच्या कडेने पाणी झिरपून खिडकीच्या खालची भिंत चार महिने ओली राहते. बाहेर जमीन तडकलेली आणि इथे गारवा. मी मुंगी असतो तर मीही तिथेच राहिलो असतो. भिंतीतल्या मुंग्यांचं सगळ्यात जास्त आढळलेलं कारण मला विचाराल तर हेच. कूलर काढून बघा. खालचं प्लास्टर दाबल्यावर पोकळ वाजतं का, भुकटी तिथेच पडते का.

दुसरी, झाडं. जास्वंद, कढीपत्ता, शेवगा यांच्या फांद्या भिंतीला टेकल्या असतील तर तो मुंग्यांचा पूल आहे. त्या झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण असेल तर तो गोड चिकट पदार्थ सोडतो आणि मुंग्या त्यावर पोसल्या जातात. घरात साखरेचा कण नसला तरी त्यांचं दुकान बाहेर चालूच. फांद्या भिंतीपासून हातभर मागे छाटा, मावा असेल तर पाण्याचा जोरदार फवारा मारून धुऊन काढा.

तिसरी, बळद. जुन्या वाड्यांत दोन भिंतींच्या मधे धान्य साठवायची जागा असते. आता ज्वारी पत्र्याच्या कोठीत किंवा पोत्यांत, बळद रिकामं. पण तळाशी वर्षानुवर्षांचा कोंडा आणि किडके दाणे पडून असतात. एका घरात मी तीन वेळा बोर्ड बदलला. चौथ्या खेपेला घरमालकाच्या काकूंनी सहज सांगितलं की मागे बळद आहे. ते उघडून झाडलं तेव्हा बोर्डाचा प्रश्न सुटला.

आमिष: खरं काम हेच करतं

बोरिक पावडर औषधांच्या दुकानात मिळते. कॅरमची पावडर पूर्वी बहुधा हीच असायची, पण आता दुसऱ्या कशाचीही असू शकते, पाकिटावर बघून घ्या. किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानातला टाकणखारही चालतो, तो थोडा जास्त लागतो.

गोड आमिष: एक पेला, म्हणजे सुमारे 200 मिली कोमट पाणी, चार-पाच चहाचे चमचे साखर, आणि बोरिक पावडर फक्त अर्धा सपाट चमचा. हे साधारण 1 टक्का होतं. पूर्ण विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून झाकणात ठेवा.

तेलकट आमिष: पाव वाटी शेंगदाण्याच्या बारीक कुटात थोडं तेल आणि बोरिक पावडरच्या दोन लहान चिमट्या. नीट कालवा.

"एवढंसं? जरा जास्त घालू की." प्रत्येक घरात हे ऐकलं आहे. जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते. आपल्याला ती घरी जाऊन राणीला आणि अळ्यांना भरवायला हवी आहे, म्हणून विष मुद्दाम पातळ ठेवायचं. सगळी गोम या अर्ध्या चमच्यात आहे.

झाकण रांगेच्या कडेला, खूण केलेल्या भोकाजवळ ठेवा. पहिल्या दिवशी मुंग्या दुपटीने वाढतील. घरातलं कोणीतरी नक्की म्हणेल की तुम्ही मुंग्यांना जेवायला घालताय. घालू द्या. पुसू नका, हाकलू नका, स्प्रेला हात लावू नका. चार-पाच दिवसांनी रांग विरळ होते, दोन-तीन आठवड्यांत बंद पडते. पिवळी फेरो मुंगी असेल तर याहून जास्त वेळ लागतो. आपल्या हवेत साखरपाणी लगेच वाळतं किंवा आंबतं, म्हणून दोन दिवसांनी नवीन करा. मधेच मुंग्यांनी गोड सोडलं तर तेलकट ठेवून बघा.

बोरिक पावडर मुलांच्या, वासरांच्या, कोंबड्यांच्या पोटात जाता कामा नये. झाकण सॉकेटच्या उंचीवर चिकटपट्टीने लावा किंवा भोकं पाडलेल्या डबीत ठेवा. उरलेल्या पाण्याच्या बाटलीवर ठळक अक्षरात विष असं लिहा. पाण्याच्या जुन्या बाटलीत तर मुळीच ठेवू नका, मे महिन्यात तहानलेला माणूस बाटलीवरचं वाचत बसत नाही.

एका माळकरी आजींनी मला मुंग्या मारू दिल्या नाहीत. वारुळावर साखर टाकणारी बाई, मी काय बोलणार. तिथे मी कूलर हलवला, बोर्ड साफ करून दिला आणि अंगणातल्या लिंबाखाली गुळाचा खडा ठेवायला सांगितला. भिंत वाळल्यावर महिन्याभरात मुंग्या गेल्या. वेळ लागला, पण ओल गेली की त्याही जातात.

बोर्ड उघडायचा असेल तर

विजेचं काम येत नसेल तर इथे थांबा आणि वायरमन बोलवा. हे बटण बदलण्याइतकंही साधं काम नाही.

येत असेल त्यांच्यासाठी: मेन बंद केलं म्हणजे झालं असं नाही. भारनियमनामुळे आपल्याकडे घराघरांत इन्व्हर्टर आहे आणि मेन पाडलं तरी त्याची लाइन चालूच राहते. माझ्या ओळखीतल्या दोघांना यातच झटका बसला. इन्व्हर्टरही बंद करा आणि टेस्टर प्रत्येक वायरला लावून बघा.

मुंग्या बोर्डात का येतात? एक तर भिंतीतला पीव्हीसी पाइप म्हणजे त्यांचा तयार भुयारी रस्ता, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, गच्चीपासून खालपर्यंत. दुसरं, आतली ऊब. आणि एकदा एखादी मुंगी बटणाच्या दोन पत्र्यांमधे सापडून मेली की मरताना धोक्याचा वास सोडते, त्या वासावर बाकीच्या धावून येतात आणि त्याही तिथेच मरतात. बघता बघता पत्र्यांमधे मेलेल्या मुंग्यांचा थर बसतो, स्पर्श नीट होत नाही, ठिणग्या पडतात, प्लास्टिक करपतं. चर्रर्र आवाज तोच.

कोरड्या ब्रशने सगळं झाडून काढा, ओलं फडकं नको. करपलेलं बटण किंवा सॉकेट घासून परत बसवू नका, नवं टाका. डब्याची न वापरलेली भोकं बंद करा. पाइपाच्या तोंडाभोवती सिलिकॉन लावा, पण पाइप सिमेंटने भरू नका. पुढे नवी वायर ओढायची वेळ आली की गवंडी आणि वायरमन दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

ओल कुठून येते?

आमिषाने मुंग्या गेल्या आणि पुढच्या हंगामात त्याच जागी परत आल्या तर भिंतीत पाणी आहे. शहरात पाण्याचं मीटर बघून गळती शोधतात. आपल्याकडे नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, सगळा कारभार हौद आणि गच्चीवरच्या टाकीवर. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या भागातले आपण. तरी भिंतीत रोज थोडं थोडं पाणी वाया जात असतं आणि कळत नाही.

रात्री टाकी भरा, मोटार बंद ठेवा, आत काठी धरून पातळीची खूण करा आणि घरातले सगळे नळ बंद करा. सकाळी पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा वॉल्व्ह बंद करून परत बघा. तरीही उतरली तर टाकी गळते. नाही उतरली तर पाइप भिंतीत कुठेतरी गळतो आहे. न्हाणीघराच्या भिंतीची मागची बाजू, संडासाच्या टाकीचा जोड आणि गच्चीच्या पन्हाळाची जागा आधी बघा. प्लंबरला बोलावताना ही परीक्षा केल्याचं सांगा. नाहीतर तो सगळ्या फरश्या उखडायला निघतो.

आता बुजवा

रांग बंद होऊन किमान पंधरा दिवस झाले, भुकटी पडत नाही, ओलीचं कारण मिटलं. आता भोकं बुजवा. केसाएवढ्या भेगांना पुट्टी, चौकट आणि भिंतीच्या मधल्या फटीला सिलिकॉन, कारण लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि सिमेंट तिथून सुटतो. फरशीच्या सांध्यांना पांढरा सिमेंट.

जुन्या मातीच्या भिंतीला सिमेंट थापू नका. सिमेंट मातीला धरत नाही आणि आतली ओल बाहेर पडू देत नाही. पांढरीची माती भुश्शात कालवून लिंपा किंवा चुना वापरा. मातीच्या भिंतीत उकळतं पाणी ओतणं हा तर मूर्खपणाच. मुंग्या चार मरतात, भिंत खचायला लागते.

भेग दरवर्षी उघडते

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया त्या मातीतच उथळ घेतलेला असला की घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. जोत्यालगतच्या मातीतून मुंग्या सरळ त्या भेगेत शिरतात, आणि पावसाने मातीतलं घर बुडालं की वर चढतात. म्हणून जूनमध्ये एकदम लोंढा येतो.

भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, तारीख लिहा. पट्टी तडकली म्हणजे भेग अजून हलते आहे. अशी भेग कितीही बुजवा, उघडणारच. जोत्याभोवती पाणी साचू देऊ नका, पावसाचं पाणी घरापासून लांब उतरेल असा उतार द्या. यानेच निम्मं काम होतं.

इथे थांबा, जाणकार बोलवा

जुन्या दगडी घराच्या भिंतीतून मुंग्या पसा-पसा माती काढत असतील आणि भिंतीला पोट आलेलं असेल तर मुंग्या विसरा. आपल्याकडच्या जाड भिंती म्हणजे दोन बाजूंना दगडांचे थर आणि मधे माती-कपच्यांची भर. दोन्ही थर बांधून ठेवणारे आडवे लांब दगड नसले की ते एकमेकांपासून सुटतात. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात असल्याच भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. स्थापत्य अभियंत्याला दाखवा, आणि तोवर त्या भिंतीशेजारी बाज टाकू नका.

बोर्डातून धूर, करपल्याचा वास किंवा भिंतीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, चावणाऱ्या नव्हे, झिणझिणणाऱ्या, तर मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करा आणि वायरमन बोलवा. ओल्या भिंतीत वीज उतरली आहे.

लाल मुंगी चावून चेहरा-ओठ सुजले, अंगभर पित्त उठलं, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर 108 लावा, घरगुती लेप करत बसू नका.

महिनाभर नीट आमिष ठेवूनही पिवळ्या मुंग्या तीन-चार खोल्यांतून निघतच राहिल्या, किंवा इमारत सामाईक भिंतीची आहे आणि शेजाऱ्याकडेही तेच आहे, तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली या कामाला परवाना लागतो, तो दाखवायला सांगा. आल्या आल्या पाठीवरचा पंप मारायला निघाला तर चहा पाजून परत पाठवा. जेल आमिष लावणार का, भिंतीच्या पोकळीत भुकटी सोडणार का, औषधात घटक कोणता, आणि पंधरा-वीस दिवसांनी परत बघायला येणार का, हे चार प्रश्न विचारा. तुम्ही रात्री केलेल्या पेन्सिलीच्या खुणा त्याला दाखवा, त्याचं निम्मं काम वाचतं.

आणि शेतातलं औषध घरात आणू नका. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्या एका गृहस्थांनी बोर्डाशेजारच्या भोकात सरकवायला काढल्या होत्या, मी अक्षरशः हात धरला. त्या ओलीने फॉस्फीन वायू सोडतात, भिंतीच्या पोकळीतून तो शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलांपर्यंत जातो. फोरेटच्या दाण्यांवर तर 2020 अखेरीपासून बंदीच आहे, तरी कोणाकोणाच्या गोठ्यात जुनी पुडी निघते. रॉकेल-पेट्रोल भिंतीत ओतणाऱ्यांना आत वायर आहे याची आठवण करून देतो.

माझ्या घरी देवघराच्या कोनाड्यामागे मी अजून एक भोक उघडं ठेवलं आहे, पेन्सिलीची खूण केलेलं. मृग लागला की तिथे गुळाचं झाकण लावून बघतो. दोन वर्षं कोणी आलेलं नाही. यंदा आईने मला न विचारता कूलर त्याच भिंतीच्या खिडकीत बसवून घेतला आहे, तेव्हा जूनमध्ये बघू.